दि. बा. पाटील : विरोधी बांकांवरील दीर्घ सेवा

तळगडाच्या माथ्यावरून पाहिलें म्हणजे एका अंगास मांदाडच्या खाडीचें पाणी आणि भोंवतालचीं भातखाचरें दिसतात. दुसऱ्या अंगास डोंगराच्या उतरणीवर वरकस जमिनीचे लहान लहान तुकडे पसरलेले असतात. या तुकड्यांवर वर्षाची बेगमी होणें कठीण, म्हणूनच तळ्याकडच्या कितीतरी घरांतील कर्ता माणूस मुंबईस चाकरीला जात आला. परंतु तोच चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला गांवीं आला म्हणजे आपल्या बांधावर जाऊन उभा राहतो. जमीन त्याला पोसण्यास पुरी पडत नसली, तरी ती त्याची ओळख असते आणि संकटकाळीं परतण्याची जागा असते. अशा जमिनीची किंमत कशी ठरवावी? सरकारनें ती घेतली तर देणाऱ्याचा हक्क एकदां पैसे मोजून संपतो, कीं त्यापुढेंहि उरतो? हा प्रश्न रायगड जिल्ह्यांत ज्या लोकप्रतिनिधीनें जन्मभर लावून धरला, त्या कै. दिनकर बाळू पाटील यांच्या कार्याचें स्मरण करतांना तळ्याच्या या बांधावरूनच आरंभ करणें योग्य होईल. कारण पनवेल-उरणला जो प्रश्न काल उभा राहिला, तो आज तळ्याच्या वेशीपर्यंत येऊन पोंचला आहे.

१३ जानेवारी १९२६ रोजीं उरण तालुक्यांतील जासई या गांवीं, आगरी शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. २४ जून २०१३ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐशींव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. कायद्याचें शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यांत पडले. १९५७, १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० अशा पांच वेळां पनवेलच्या मतदारांनीं त्यांना विधानसभेवर पाठविलें. १९७७ व १९८४ सालीं कुलाबा मतदारसंघानें त्यांना लोकसभेवर निवडून दिलें. एवढ्या दीर्घ काळांत मंत्रिपद मात्र त्यांच्या वाट्यास कधीं आलें नाहीं. ज्याच्या हातीं सत्तेचें शिक्कामोर्तब एकदांहि नव्हतें, अशा माणसाच्या मागें लोकांना दाखवितां येईल असें काय उरलें, हें पाहणें म्हणजेच त्याच्या सेवेचें खरें मोजमाप करणें होय.

त्यांचें कार्य समजून घ्यावयाचें तर या जिल्ह्याचा पूर्वेतिहास थोडा आठवला पाहिजे. ज्यास आज रायगड म्हणतात तो तेव्हांचा कुलाबा जिल्हा. कोंकणांत गांवोगांव खोतांचें वर्चस्व; कसणारा एक आणि धान्याच्या राशीवर हक्क सांगणारा दुसरा. अलिबाग तालुक्यांतील चरी व तिच्या आसपासच्या गांवांच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप चालविला. उपासमार सोसली, परंतु नांगर धरला नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं या संपाला पाठिंबा दिला आणि १९३७ सालीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. तें विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. तथापि १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. पुढें १९४८ च्या कुळकायद्याच्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवसापासून कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें जाऊं लागलें.

दि. बा. प्रथम निवडून आले तें याच १९५७ सालीं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीनें त्या वेळीं सारा प्रांत ढवळून निघाला होता आणि त्या लाटेवर विरोधी पक्षांचे अनेक उमेदवार मुंबईच्या विधानसभेंत पोंचले. परंतु लाट ओसरल्यावरहि जे टिकले, ते लाटेच्या बळावर टिकले नाहींत. पनवेल-उरणकडील मतदाराला दि. बा. आपले वाटले, कारण खारेपाटांतलें भात, मिठागरांतली मजुरी, बांध फुटून शेतांत शिरणारें खारें पाणी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर न चढलेलें नांव, या साऱ्या गोष्टी त्यांना अर्ज वाचून कळलेल्या नव्हत्या. त्यांत ते वाढले होते. नुकत्याच मालक झालेल्या कुळाच्या मनांत जमिनीविषयीं जी आसक्ति असते, ती त्यांच्या राजकारणाच्या मुळाशीं होती.

विरोधी सभासदाचें काम बाहेरून पाहणारास फार सोपें वाटतें. सरकारवर टीका करावयाची, सभात्याग करावयाचा आणि वर्तमानपत्रांत नांव आलें म्हणजे समाधान मानावयाचें, अशी कित्येकांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. १९७२ च्या निवडणुकींत महाराष्ट्र विधानसभेच्या २७० जागांपैकीं २२२ जागा काँग्रेसनें जिंकल्या होत्या, आणि शेतकरी कामगार पक्षाचे अवघे सात सभासद निवडून आले होते. अशा सभागृहांत विरोधी पक्षनेत्याचें आसन दि. बां.कडे आलें व १९७७ पर्यंत त्यांनीं तें सांभाळलें. मतदान झालें तर पराभव ठरलेलाच. मग उरतीं तीं साधनें कोणतीं? तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपातसूचना, स्थगनप्रस्ताव. या प्रत्येक साधनाच्या मागें कागदपत्रांचा अभ्यास लागतो. प्रश्न नेमका विचारला नाहीं तर उत्तर मोघम येतें, आणि उत्तर मोघम आलें म्हणजे पुढल्या उपप्रश्नाची वाट बंद होते. बहुमताला हरवितां येत नाहीं. परंतु त्याला सभागृहांत उभें राहून कारण सांगावयास लावतां येतें, आणि सांगितलेलें कारण छापील वृत्तांतांत कायमचें राहतें. लोकशाहींत अल्पसंख्येला हीच एक मोठी शक्ति असते. सात माणसांच्या बळावर ती वापरणें हें वकिलाच्या बुद्धीचें आणि शेतकऱ्याच्या चिकाटीचें काम होतें.

या दोन्ही गुणांची खरी कसोटी लागली ती नव्या मुंबईच्या प्रश्नावर. मुंबई बेटावर माणसांची दाटी असह्य झाली, तेव्हां खाडीपलीकडे जोडशहर वसवावें ही कल्पना १९६४-६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तज्ज्ञांनीं मांडली. सरकारनें ती स्वीकारली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गांवांच्या परिसरांत सुमारें ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवें शहर उठवावयाचें ठरलें. नकाशावर तें क्षेत्र मोकळें दिसत होतें. प्रत्यक्षांत तेथें भातशेतें होतीं, मिठागरें होतीं, खाडींत जाळीं टाकणारे कोळी होते आणि तेरा वर्षांपूर्वीं कायद्यानें मालक झालेलीं कुळें होतीं. ज्यांच्या आजोबांनीं खोताला तोंड दिलें, त्यांच्यापुढें आतां स्वतःचें सरकारच भूमिसंपादनाची नोटीस घेऊन उभें राहिलें.

येथें कायद्याचा एक बारकावा ध्यानीं घेणें अवश्य आहे. भूमिसंपादन होत होतें तें १८९४ च्या, म्हणजे परकीय अमदानींतील कायद्याखालीं. त्याच्या चौथ्या कलमान्वयें अधिसूचना निघाली कीं त्या दिवसाचा बाजारभाव हाच मोबदल्याचा पाया धरला जाई. त्यानंतर त्याच जागेवर रस्ता आला, रेल्वे आली, तिचें मोल शतपट वाढलें, तरी त्या वाढीशीं मूळ मालकाचा संबंध नसे. खाजण जमिनीचा १९७० सालचा भाव तो काय असणार! म्हणजे शहर उभें राहणार शेतकऱ्याच्या जमिनीवर, शहरामुळें वाढणारी संपत्ति जाणार संस्थेकडे आणि भूखंड घेणाऱ्यांकडे, आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणार ती त्याच्या भाताच्या खाचराची जुनी किंमत. कायद्याच्या दृष्टीनें यांत कांहीं गैर नव्हतें. न्यायाच्या दृष्टीनें मात्र येथेंच सारें गैर होतें.

दि. बां.च्या लढ्याचा मोठेपणा असा कीं तो केवळ भाव वाढवून मागण्यापाशीं थांबला नाहीं. अधिक दराची मागणी अर्थातच होती. परंतु पैसा हा हातांतून वाहून जाणारा. लग्नकार्यांत, आजारपणांत, घरदुरुस्तींत तो दोन-चार वर्षांत संपतो आणि मग मालकाचा मजूर होतो. म्हणून घेतलेल्या जमिनीचा कांहीं भाग, रस्ते-पाणी-गटारें यांसह विकसित करून, मूळ मालकाला परत मिळावा, ही मागणी पुढें आली. नवें शहर व्हावयाचेंच असेल, तर ज्यानें भूमि दिली तो त्या शहराचा भागीदार असला पाहिजे, असा या मागणीचा अर्थ. ती ऐकावयास साधी आहे, परंतु तिनें भूमिसंपादनाचा विचारच पालटला. मोबदला हा व्यवहार संपविणारा असतो. भागीदारी हा व्यवहार पुढें चालविणारी असते.

ही मागणी सभागृहांत मांडून आपोआप मान्य झाली नाहीं. उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथील बंदरासाठीं जमिनी ताब्यांत घेण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हां दि. बां.च्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासईच्या परिसरांत व उरण तालुक्यांत जें घडलें, तें या जिल्ह्यास विसरतां येणें शक्य नाहीं. पोलिसांच्या गोळीबारांत पांच शेतकरी प्राणांस मुकले. जासईस दर वर्षीं त्यांचा हुतात्मादिन पाळला जातो. चळवळीच्या नेत्याला अशा प्रसंगीं दुहेरी भार वाहावा लागतो : सरकारशीं झुंज चालूच ठेवावयाची, आणि ज्या घरांतील माणूस परत आला नाहीं त्या घरासमोर उभें राहावयाचें. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या निवडणुकींत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीनें काँग्रेसला देशभर अभूतपूर्व यश मिळालें, तरीहि कुलाब्याच्या मतदारांनीं दि. बां.ना लोकसभेवर पाठविलें. जनतेनें दिलेला निर्णय याहून स्पष्ट असूं शकत नाहीं.

१९८४ सालींच केंद्रानें जुन्या भूमिसंपादन कायद्यांत दुरुस्ती केली. दिलाशाची रक्कम बाजारभावाच्या शेंकडा १५ होती ती ३० झाली, आणि निवाडा दोन वर्षांच्या आंत देण्याचें बंधन आलें. ही दुरुस्ती साऱ्या देशाकरितां होती. तिचें श्रेय एकट्या उरणला देणें बरोबर होणार नाहीं. परंतु विकसित जमिनीचा वाटा देण्याची योजना मात्र याच भूमींतून उगवली. १९९० च्या दशकांत महाराष्ट्र सरकारच्या निर्णयांनीं नव्या मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचें तत्त्व अमलांत आलें. पुढें विमानतळासाठीं जमिनी घ्यावयाच्या झाल्या, तेव्हां २०१३-१४ मध्यें हेंच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें. एका पिढीनें रक्त सांडून मिळविलेला पायंडा दुसऱ्या पिढीच्या बोलणीचा आरंभबिंदु झाला.

तथापि श्रद्धांजलि म्हणजे केवळ स्तुति नव्हे. ज्या गोष्टीसाठीं दि. बा. झगडले, तिच्या उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. साडेबारा टक्क्यांतून सामाजिक सोयींसाठीं पावणेचार टक्के कापले जात, तेव्हां प्रत्यक्ष हातीं पावणेनऊ टक्केच येत. भूखंड मिळण्यास वर्षानुवर्षें लागलीं. तोंवर कित्येकांनीं आपला हक्क दलालाला आधींच विकून टाकला. आणि योजनेचा मुख्य आधार सातबाऱ्याचा उतारा असल्यामुळें, ज्याचें पोट खाडीवर चालत होतें त्याची हानि क्षेत्रफळांत मोजतां येईना. न्हावा-शेवाची कथा तर अधिकच शोचनीय आहे. तेथील बंदर १९८९ सालीं सुरू झालें. त्यावरून देशाचा माल जाऊं-येऊं लागला. परंतु ज्यांच्या जमिनीवर तें उभें राहिलें त्यांना साडेबारा टक्क्यांच्या वाट्याचीं इरादापत्रें देण्याचा समारंभ झाला तो १६ ऑगस्ट २०१४ रोजीं. म्हणजे बंदर सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनीं, आणि दि. बां.च्या निधनास एक वर्ष होऊन गेल्यावर.

त्यांच्या स्वतःच्या राजकीय जीवनाविषयींहि मतभेद झाले. ज्या शेतकरी कामगार पक्षाच्या लाल बावट्याखालीं त्यांनीं आयुष्य घालविलें, तो पक्ष उतारवयांत सोडून ते शिवसेनेंत गेले. जुन्या सहकाऱ्यांना तें रुचणें शक्य नव्हतें. एका पक्षाशीं अखेरपर्यंत राहण्यांत एक प्रकारची शोभा आहे. शेतकरी कामगार पक्षाचेच गणपतराव देशमुख हे सांगोल्यांतून अकरा वेळां विधानसभेवर निवडून आले आणि २०२१ सालीं निधन पावेपर्यंत त्याच पक्षांत राहिले. त्यांच्या शेजारीं दि. बां.चा हा निर्णय ठेवला म्हणजे तो डोळ्यांत भरतो. परंतु येथेंहि एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. पक्ष बदलल्यावरहि प्रकल्पग्रस्त शेतकऱ्याला दि. बां.चें दार परकें झालें नाहीं. त्यांच्या निष्ठेची जागा पक्षकार्यालयांत शोधणाऱ्यास ती सांपडली नसेल. गांवठाणांत शोधणाऱ्यास सांपडली.

याची साक्ष त्यांच्या मृत्यूनंतर मिळाली. नव्या मुंबईच्या विमानतळाला त्यांचें नांव द्यावें या मागणीसाठीं १० जून २०२१ रोजीं हजारों लोकांनीं रस्त्यांवर मानवी सांखळी केली, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनीं, सिडकोच्या कार्यालयावर प्रचंड मोर्चा नेला. या आंदोलनांत परस्परविरोधी पक्षांचे लोक एकत्र आले होते. २०२२ सालीं राज्याच्या विधिमंडळानें त्यांच्या नांवाचा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. ज्या सभागृहांत आयुष्यभर ते अल्पमतांत राहिले, त्याच विधिमंडळानें त्यांचा गौरव करावा, यांत लोकशाहीचें एक सुंदर रूप दिसतें. तरी नांव हें स्मारकाचें बाह्यांग होय. अंतरंग निराळें असतें.

तें अंतरंग कोणतें, हें समजण्यासाठीं पुन्हां तळ्याकडे वळावें. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेंत दिघी बंदराच्या आधारानें मोठें औद्योगिक क्षेत्र उभारावयाचें ठरलें आणि तिच्या आंखणींत माणगांव व रोह्याबरोबर तळा तालुक्यांतील गांवेंहि आलीं. २८ ऑगस्ट २०२४ रोजीं केंद्र सरकारनें देशांतील ज्या बारा औद्योगिक नगरांना मान्यता दिली, त्यांत दिघीचा समावेश आहे. उरणच्या शेतकऱ्यापुढें १९७० सालीं जो कायदा होता, तो आतां राहिलेला नाहीं. दि. बां.च्या निधनानंतर कांहीं महिन्यांनींच, १ जानेवारी २०१४ पासून, १८९४ च्या कायद्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. त्यांत पुनर्वसन हा मोबदल्याचाच भाग मानला आहे आणि सामाजिक परिणामांची आधीं तपासणी करण्याची तरतूद आहे. परंतु कायदा चांगला असला तरी तो आपण होऊन कोणाच्या दारीं चालत येत नाहीं. मुंबईंत राहणाऱ्या भावाची संमति, वडिलांच्या नांवावरून न उतरलेला उतारा, बहिणींचा हिस्सा, वरकस म्हणून कमी लेखलेली डोंगरउतरण, अशा शंभर बारीक गोष्टींवर न्याय अडून बसतो. दलालाला या अडचणी घरच्यांपेक्षां आधीं ठाऊक असतात.

अशा वेळीं लोकप्रतिनिधीचें काम काय, याचें उत्तर जासईच्या या पुत्राच्या चरित्रांत आहे. त्यानें सभागृह आणि शेताचा बांध यांत अंतर पडूं दिलें नाहीं. बांधावरची तक्रार त्यानें सभागृहाच्या भाषेंत मांडली, आणि सभागृहांत मिळालेलें उत्तर बांधावर जाऊन समजावून सांगितलें. सभागृहाचीं दारें बंद झालीं तेव्हां तो लोकांबरोबर रस्त्यावर उतरला. रस्त्यावर मिळविलेलें पुन्हां कागदावर उतरविण्यासाठीं सभागृहांत परतला. त्यानें मंत्र्याची सही कधीं केली नाहीं. परंतु मंत्र्यांना ज्या तत्त्वावर पुढें सह्या कराव्या लागल्या, तें तत्त्व लोकांच्या ओठीं रुजविलें : जो भूमि देतो, तो त्या भूमीच्या भाग्यांत वांटेकरी असतो.

२०२६ हें दि. बां.च्या जन्मशताब्दीचें वर्ष. शताब्दीनिमित्त पुतळ्यांना हार घातले जातील आणि तें योग्यच आहे. परंतु तळ्याच्या, माणगांवच्या, रोह्याच्या एखाद्या घरांत कोणी वडीलधारें माणूस पेटींतून जुने उतारे काढून, मुंबईच्या मुलांना जवळ बसवून, सही करण्यापूर्वीं प्रत्येक ओळ वाचून घेईल, तर तीहि त्यांना वाहिलेली आदरांजलीच ठरेल.